गॅलरीत बाशिंग: एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा अनुभव

बाशिंग म्हणजे ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, आपल्या सह्याद्रीतला, कोकणातल्या मोठ्या झाडांच्या खोडावर वाढणारा नेचा. नर्सरीत सहसा मिळत नाही. मला गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका जुन्या बागेतून तुकडा मिळाला (प्लीज जंगलातून ओरबाडून आणू नका, तिथला एक गड्डा वाढायला वर्षं गेलेली असतात).

याला माती नको, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आडवं वाढणारं खोड चांगलं जाडजूड असतं, तपकिरी खवल्यांनी भरलेलं, टोकाला बोट लावलं तर एकदम मऊ लागतं, आणि ते कुंडीत गाडलं की पाणी साचून सडतं. मी ओंडक्यावर नारळाचं सोडण ठेवून त्यावर सुतळीने बांधलं, टोक उघडं ठेवून. मुळं धरेपर्यंत अजिबात हलवायचं नाही.

पानं दोन प्रकारची येतात आणि खरी मजा त्यातच आहे. एक आखूड, बिनदेठाचं, खोडाला चिकटून येतं, आधी फिकट हिरवं आणि मग थोड्याच दिवसांत तपकिरी, कडक कागदासारखं, शिरा अगदी उठून दिसतात. त्याच्या मागच्या खोबणीत पालापाचोळा अडकतो, कुजतो, ओल धरतो आणि मुळं त्यातच शिरतात. म्हणजे हा आपलं खत आपणच जमवतो! घरी आलेला प्रत्येक जण म्हणतो अहो ती वाळलेली पानं काढा की, तर ती काढायची नाहीत, उलट मी अधूनमधून त्यात चुरलेला पाला टाकतो. दुसरी पानं लांब, हिरवी, खोल कातरलेली, बीजाणू यांच्याच मागे येतात. कोवळ्या पानांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारत सुटू नका, पानातून गोड रस येतो त्यासाठी त्या येतात.

अवघड काळ म्हणजे उन्हाळा. हिरव्या पानांचे भाग एकेक करून गळतात आणि नुसत्या काड्या उभ्या राहतात, बघून वाटतं गेलं झाड. पण खोड दाबून बघा, टणक असेल तर ते जिवंत आहे, त्याची ही विश्रांतीच असते. तेव्हा पाणी बंद नाही करायचं पण खूप कमी, नुसतं शिंपडायचं, आणि दुपारचं ऊन टाळायचं. माझ्याकडे पहिल्या वळवानंतर खोडाच्या टोकाशी लवेत गुंडाळलेले कोंब दिसायला लागले, आता त्यातली दोन पानं हातभर झालीत.