युद्धाचा प्रश्न गाळलेली मतपुस्तिका : एका छापखानेवाल्याचा अभिप्राय

वस्तू : कॅलिफोर्निया राज्याची मतदार माहिती पुस्तिका, नोव्हेंबर २०१६ची. पानं २२४, किंमत शून्य, टपालाने घरपोच. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठं कापला ते पुढं येईलच.

आधी माझी लायकी सांगतो. साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत माझं ट्रेडल मशीन होतं, पुढे ऑफसेट घेतलं. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, सोसायटीच्या निवडणुकीची पत्रकं, सगळं छापलं. कपबशी, विमान, छत्री, शिट्टी, सगळ्या चिन्हांचे ब्लॉक माझ्या खणात असायचे. त्यामुळे छापील कागद हातात आला की मी आधी वास घेतो, मग वाचतो.

मुलगी फ्रीमॉन्टला असते. २०१६ला तिचं तिथलं पहिलंच मतदान होतं आणि मी तिच्याकडेच होतो. पोस्टातून हे बाड आलं तेव्हा मला वाटलं टेलिफोन डिरेक्टरी आली. २२४ पानं म्हणजे सोळापानी चौदा फॉर्म. कागद वर्तमानपत्राच्या जवळचा, हलका. शाई बोटाला लागत नाही, ही मोठी गोष्ट. जाडी बघून जावई म्हणाले, "बाबा, हे कुणी वाचत नाही." मी आठ दिवसांत वाचलं. मला तिथं दुसरं काम काय होतं?

आत सतरा प्रस्ताव, ५१ ते ६७. म्हणजे मतदारांनी स्वतः थेट हो किंवा नाही म्हणायचे प्रश्न. फाशी रद्द करा असा एक आणि फाशी लवकर उरका असा दुसरा, दोन्ही एकाच मतपत्रिकेवर. गांजा. प्लास्टिकच्या पिशव्या, त्याही दोनदा. प्रौढांच्या चित्रपटांत काम करणाऱ्यांनी निरोध वापरावा का, हासुद्धा मतदारांना विचारलेला. ते पान मी मुलीसमोर भराभर उलटलं.

पण मांडणी पाहावी ती या लोकांची. प्रत्येक प्रस्तावाला आधी सारांश, मग विधिमंडळाच्या तटस्थ विश्लेषकाने काढलेला खर्चाचा हिशेब. त्यानंतर बाजूने युक्तिवाद आणि त्याला विरोधकांचं प्रत्युत्तर. मग विरोधाचा युक्तिवाद, त्याला पुन्हा प्रत्युत्तर. युक्तिवादाला ५०० शब्द, प्रत्युत्तराला २५०, दोन्ही पक्षांना सारखेच. खाली सही करणाऱ्यांची नावं आणि हुद्दे. आणि पानाच्या तळाला बारीक टायपात कबुली, की ही मतं लिहिणाऱ्यांची आहेत, कोणत्याही सरकारी कचेरीने ती तपासलेली नाहीत. आमच्याकडे पत्रकाच्या तळाला फार तर मुद्रकाचं नाव असतं, तेही घाबरत टाकलेलं. विरोधकाचं म्हणणं त्याच कागदावर, त्याच टायपात, सरकारी खर्चाने छापलेलं मी पन्नास वर्षांच्या धंद्यात पाहिलं नव्हतं.

अर्धा तारा भाषेसाठी कापला. मुलीने माझ्यासाठी हिंदी प्रत मागवली होती. ती हिंदी आपल्या सात-बाराच्या भाषेला लाजवेल. शेवटी मी इंग्रजीच वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन.

आता कापलेल्या एका ताऱ्याची गोष्ट. तो या पुस्तिकेचा दोष नाही, तिच्या २००८च्या भावंडाचा आहे. राग मात्र हिच्यावर निघाला.

२००८च्या जानेवारीत मी पहिल्यांदा तिकडे गेलो होतो. ५ फेब्रुवारीला तिथली प्राथमिक निवडणूक होती. मुलगी तेव्हा तिथली नागरिक नव्हती, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाने त्याची पुस्तिका मला चाळायला दिली. तेव्हा अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये लढत होतं. मी म्हटलं, इराकचं पान कुठं आहे? तो हसला. म्हणाला, ते कापलं.

त्याने सांगितलं ते असं. २००७मध्ये राज्याच्या सिनेटचे नेते डॉन पेराटा यांनी विधेयक आणलं. इराकमधलं सैन्य सुरक्षितपणे आणि शिस्तीत माघारी आणायला अध्यक्षांनी लगेच सुरुवात करावी का, एवढंच राज्यातल्या मतदारांना विचारायचं. प्रश्न सल्ल्यापुरता. हो आलं तरी कुणावर बंधन नाही. विधिमंडळाने ते मंजूर केलं आणि सप्टेंबरमध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरला. म्हणणं असं, की ज्याला वजन नाही असा ठराव मतपत्रिकेवर टाकून लोकांत फक्त फूट पडेल. मग त्या निवडणुकीत मतदारांपुढे राहिलं काय? ९१ ते ९७. वाहतुकीचा निधी, कम्युनिटी कॉलेजं, आमदारांच्या मुदतीची मर्यादा आणि चार प्रस्ताव तिथल्या मूळ आदिवासी जमातींच्या जुगारघरांचे. जुगाराच्या यंत्रांवर चारदा मत द्यायचं आणि युद्धावर एकदाही नाही!

तिथे हे नवीन नव्हतं. १९६७ला सॅन फ्रान्सिस्को शहराने व्हिएतनाममधून माघारीचा प्रश्न मतदानाला टाकला होता. बाजूने शंभरातले साधारण ३७च निघाले. म्हाताऱ्याने त्यात हो म्हटलं होतं आणि हरला होता. चाळीस वर्षांनीसुद्धा ते सांगताना त्याचा चेहरा पडलेल्या उमेदवारासारखा झाला. २००६च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ३२ गावां-शहरांनी इराकवर मत घेतलं, २४ ठिकाणी माघारीची बाजू जिंकली. त्याही आधी, १९३८ला, लुडलो नावाच्या खासदाराची अशी घटनादुरुस्तीच होती, की देशावर हल्ला झाला नसेल तर सार्वमताशिवाय युद्ध पुकारायचं नाही. प्रतिनिधिगृहात ती चर्चेलाच घ्यायची की नाही यावर मतदान झालं. १८८ विरुद्ध २०९, तिथंच संपली.

गव्हर्नरचं म्हणणं मला तेव्हा निम्मं पटलं होतं, खोटं का बोलू? बंधन नसलेलं मत म्हणजे वार्षिक सभेतलं 'अहवाल वाचून कायम'. ते वाक्य मी हजारदा छापलंय, कुणी वाचलेलं पाहिलं नाही. शिवाय युद्ध हा राज्याचा विषय नाही. आपल्या घटनेतही 'युद्ध आणि शांतता' केंद्राच्या सूचीत आहे, पंधरावी नोंद. आपल्याकडे गावातलं दारूदुकान बंद करायला बायका उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान करतात, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला गेल्या की दुकान बंद होतं. त्याला मत म्हणतात.

मत बदललं ते २०१६च्या या पुस्तिकेमुळे. यात ५९ क्रमांकाचा प्रस्ताव असाच सल्ल्याचा आहे. निवडणुकीतल्या पैशांबद्दलचा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उलटवायला खासदारांनी झटावं की नाही, असा. २०१४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवरून उतरवला होता आणि २०१६च्या जानेवारीत सांगितलं, की विधिमंडळ लोकांना सल्ला विचारू शकतं. आर्थिक परिणामाच्या जागी लिहिलंय, थेट परिणाम काही नाही. शेवटी साधारण ५३ टक्क्यांनी पास झाला. घडलं काहीच नाही. पण त्याची बाजू, विरोध आणि दोन्ही प्रत्युत्तरं मात्र लाखो घरांत जाऊन पडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की २००७ला हरवलं ते मत नव्हतं, ती पानं होती. इराकमधून निघा असं कुणी लिहिलं असतं? राहा असं कुणी लिहिलं असतं? कोणत्या हुद्द्याच्या माणसाने खाली सही केली असती? सैनिकाच्या आईने केली असती का? ५०० शब्दांत युद्धाची बाजू मांडायला बसलेला माणूस मला बघायचा होता.

यात माझा घरचा हिशेबही आहे. आमचं मूळ गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेले, म्हणजे याच इराकमध्ये. तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, घोड्याचं मांस खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. त्यानंतर त्यांचा पत्ता नाही. मुक्काम पोस्ट अपशिंगे इथं तेव्हा कुणी कसली पुस्तिका पाठवली नव्हती.

साताऱ्याला परतल्यावर मी हे बाड चहाच्या टपरीवर नेलं. तिथं आमचे एक निवृत्त सुभेदार रोज असतात. मी त्यांना इराकच्या प्रश्नाची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी दोन पानं उलटली आणि मधेच म्हणाले, "आरं, सुट्टीचा अर्ज टाकला तर साहेब जवानाला इचारत न्हाई, आन् हितं लढाई थांबवायची का म्हनून वाण्याला इचारत्यात?"

मी म्हटलं, "सुभेदार, विचारत नाहीत. विचारणार होते, गव्हर्नरनं अडवलं."

"बरं केलं," ते म्हणाले. जरा वेळाने बशीतला चहा संपवून विचारलं, "पर इचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं?"

ते मलाही माहीत नाही, म्हणून मी त्यांना ५९चं पान उघडून दिलं आणि रचना समजावली. हे बाजूचं, हे विरोधाचं, हे विरोधाला उत्तर. ते म्हणाले, चष्मा घरी आहे, घेऊन जातो.

तर वस्तू कशी आहे? टिकाऊ आहे. कोपरे दुमडले, पण पान एकही सुटलं नाही. मजकूर दाट आहे, टाईप अर्धा पॉइंट मोठा चालला असता. तुमचं कुणी तिकडे असेल तर निवडणुकीच्या वर्षी एक प्रत जरूर मागवा, रद्दीत घालवू नका. माझी मात्र दाखवता येणार नाही. ती अजून सुभेदारांकडेच आहे. मागितली की म्हणतात, थांब, इरोधाचं वाचायचं ऱ्हायलंय.