लातूरचा भाड्याचा पडदा आणि कोठारेंचे सिनेमे: महालक्ष्म्यांच्या दोन रात्रींचा अनुभव

आधी ही सेवा काय आहे ते सांगते. लातूरचा एक तरुण प्रोजेक्टर, पडदा, साउंड आणि छोटं जनरेटर असं सगळं छोट्या हत्तीत घालून गावोगाव येतो आणि चौकात सिनेमा दाखवतो. एका रात्रीचे ६,५०० रुपये. औसा तालुक्यापर्यंत येण्याजाण्याचं भाडं त्यातच धरलेलं. पडदा १४ फूट रुंद, ८ फूट उंच. सिनेमाची परवानगी आणि प्रत मंडळानं आणायची, हे तो पैसे घ्यायच्या आधीच सांगतो. आमच्या बचत गटानं आणि गणेश मंडळानं मिळून त्याला दोन रात्रींसाठी बोलावलं होतं. महालक्ष्म्यांचं विसर्जन होतं त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी. त्या दिवसांत सगळ्या लेकी माहेरी असतात, पुरणाचा आणि आंबिलीचा राबता संपलेला असतो, बायकांना बसायला सवड मिळते.

सिनेमा महेश कोठारेंचाच लावायचा, यावर गावात दुमत नव्हतं. कोणता लावायचा, यावर मात्र आठवडाभर नुसता कल्ला. मामंजी आणि पारावरची त्यांची सगळी मंडळी १९८५ च्या ‘धुमधडाका’च्या बाजूची. माझे दीर आणि त्यांच्या वयाचे लोक १९९० च्या ‘धडाकेबाज’वर अडून बसलेले. पोरं, माहेरवाशिणी आणि आमच्या जाऊबाई १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी हट्टाला पेटलेल्या. ‘थरथराट’साठी एकटे डेअरीवाले मामा भांडत होते. टकलू हैवानासारखा खलनायक मराठीत पुन्हा झाला नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं, पण एका माणसाच्या मतानं पडदा लागत नाही.

पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं मध्येच काढलं, की ‘धुमधडाका’ची गोष्ट मुळात तमिळ आहे. ते खरंच आहे. श्रीधर यांचा १९६४ चा ‘कादलिक्क नेरमिल्लै’, त्यावरून १९६६ साली हिंदीत ‘प्यार किये जा’ आणि मग आपला ‘धुमधडाका’. पण मग ‘झपाटलेला’चं बीजसुद्धा १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी सिनेमातलं आहे. बीज कुठलंही असो, ‘झपाटलेला’मधला बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू आपल्या मातीतला वाटतो आणि ‘धुमधडाका’तला धनाजी वाकडे आपल्या ओळखीचा वाटतो, हे काम कोठारेंनी केलं. म्हणून मूळ कोणाचं हा मुद्दा मी बैठकीत बाजूला ठेवायला लावला.

माझं मत ‘धुमधडाका’ला. मी दिवसभर शिलाई मशीनवर असते. टीव्ही चालू असला तरी नजर सुईवर ठेवावी लागते, त्यामुळे सिनेमा मी डोळ्यांच्या आधी कानांनी बघत आले. ‘धुमधडाका’ कानांवर पूर्ण उतरतो. महेशचा श्रीमंत बाप बनून आलेला अशोक सराफ पाइपचा झुरका घेतो, त्याला ठसका लागतो आणि तोंडून ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ बाहेर पडतं. लक्ष्या बापाला आपल्या सिनेमाची गोष्ट तोंडानं आवाज काढून ऐकवतो तेव्हा शरद तळवलकरांचा श्वास कसा अडकत जातो, ते नुसतं ऐकूनही कळतं. हा विनोद गळ्यातून आणि श्वासातून येतो. शेवटी पहिली रात्र ‘धुमधडाका’, दुसरी ‘झपाटलेला’ असं ठरलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की या माणसाच्या कामाची पारख त्यातच आहे. कोणता सिनेमा श्रेष्ठ यावर आपण भांडतो, पण चौकात दाखवताना प्रत्येक सिनेमा यंत्राकडून वेगळी गोष्ट मागतो. ‘धुमधडाका’ला साउंड नीट पाहिजे. ‘झपाटलेला’ला अंधार पाहिजे.

पहिल्या रात्री साउंडच्या बाबतीत त्यानं मन जिंकलं. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम म्हटला की छातीत धडधड करणारे बेसचे डबे येतात. यानं दोनच स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्याच्या वर चढवले आणि आणखी दोन लहान स्पीकर बसलेल्या लोकांच्या मध्यावर, लिंबाच्या बुंध्याजवळ लावले. बेस जवळजवळ बंद. आमच्या पोरांनी विचारलं, “दादा, आवाज कमी काहून करायलास?” तो म्हणाला, “कमी नाही केला, साफ केला. जरा लागू तर दे.” आणि खरंच, पार मागं ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या आत्याबाईंना, ज्यांना घरात दोनदा हाक मारावी लागते, शब्द न् शब्द कळत होता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो सिनेमा चालू असताना मिक्सरवरून हलला नाही. चौकात दोन-अडीचशे माणसं एकदम हसली की पुढचं वाक्य बुडतं. कोठारेंच्या सिनेमात तर एक हशा संपायच्या आत दुसरी फोडणी पडलेली असते. हा गडी हशा उठला की खटका थोडा वर सरकवायचा आणि ओसरला की हळूच खाली आणायचा. लक्ष्याच्या गोष्टीच्या प्रसंगात त्यानं हे इतकं अचूक केलं, की शरद तळवलकरांचं दबकं कण्हणंसुद्धा हरवलं नाही. घरी टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलेल्या प्रसंगात मला ते कण्हणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मामंजी त्या रात्री जागेवरून उठलेच नाहीत, बिडीलासुद्धा नाही. साडेसहा हजारांतले निम्मे पैसे मी या एका कामाचे धरते.

सव्वासातला चालू करून दहाच्या आत आवाज बंद, हेही त्यानं पाळलं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी असते आणि गणपतीतली सूट ठराविक दिवसांनाच मिळते, याची यादी त्याच्याकडं होती. मंडळाला पोलीस पाटलांकडं पळायची वेळ आली नाही. मध्ये लाईट गेली तेव्हा जनरेटर लगेच लावलं. ते त्यानं शाळेच्या मागं ठेवलं होतं, त्यामुळं घरघर जाणवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर त्याच्यामागं लागले, की ‘धडाकेबाज’चा थोडा तुकडा तरी पडद्यावर बघू. पारावर सावली बघून त्यानं पडदा लावला. तो सिनेमा कोठारेंनी सिनेमास्कोपमध्ये काढलेला, म्हणजे चित्र चांगलंच रुंद. १४ फुटांच्या पडद्यावर ते बसवलं की उंची जेमतेम सहा फूट उरते, वर-खाली काळी पट्टी. बाटलीतला गंगाराम पुढच्या दोन रांगांना दिसेल, मागच्यांना तो चिमणीएवढा. चित्र ताणून उंच करता येतं का, असं दिरांनी विचारलं. “येतंय, पण मग लक्ष्या बांबूसारखा लांबुळका होतोय, भाऊजी. मी ते करत नसतो,” असं त्यानं सरळ सांगितलं. गिऱ्हाईक मागतंय म्हणून चित्र न बिघडवणारा माणूस मला आवडला. कवट्या महाकाळचा मुखवटा दुपारच्या उजेडातही पोरांना गप्प करून गेला, हे दिरांच्या बाजूनं नोंदवते.

आता तक्रार. दुसरी रात्र पहिलीइतकी चांगली झाली नाही, आणि त्यात त्याचाच दोष आहे.

‘झपाटलेला’चा निम्मा जीव अंधारात आहे. रामदास पाध्यांचा तो बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज. बाहुला नुसता खुर्चीत बसलेला असतो आणि त्याची मान किंचित वळते. ती किंचित वळलेली मान दिसली तरच पुढं लक्ष्याची उडालेली गाळण हसवते. भीती आधी बसावी लागते, मग हसू येतं. आमच्या पारासमोर ग्रामपंचायतीचा एलईडी दिवा आहे. पहिल्या रात्री तो कोणाला खटकला नाही, कारण ‘धुमधडाका’ उजेडातला, रंगीबेरंगी सिनेमा. दुसऱ्या रात्री त्याच दिव्यानं पडद्यावरचा सगळा काळा रंग राखाडी करून टाकला. सुरुवातीचा बराच भाग तसाच गेला. ‘ओम फट् स्वाहा’ नुसतं ऐकू आलं, तात्या विंचूचा चेहरा काही धड दिसला नाही. जाऊबाई उठून त्याच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या, “अरे बाबा, बाहुलाच दिसत नाही तर आम्ही घाबरावं कशाला?” मग वायरमनला फोन, मग दिवा बंद. हे त्यानं संध्याकाळी सामान लावतानाच विचारायला पाहिजे होतं. कोणता सिनेमा लागणार ते त्याला माहीत होतं.

वरून त्या रात्री पोरांच्या आग्रहाला बळी पडून त्यानं बेसचा एक डबा जोडला. भीतीच्या प्रसंगात तो बरा वाटला, पण प्रभावळकरांचा बाहुल्यासाठी काढलेला तो घोगरा, दातांत धरलेला आवाज त्याखाली दबला. मध्यंतरानंतर मी सांगितल्यावर त्यानं डबा काढला आणि पुढचा सिनेमा खुलला. दिवा गेलेला, आवाज साफ झालेला, तेव्हा माझ्या धाकट्या वन्संची पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून एका डोळ्यानं बघत होती आणि हसतही होती. तेवढा अर्धा भाग बघितल्यावर ‘झपाटलेला’वाल्यांचं म्हणणं मला नीट समजलं. माझं मत बदललं नाही, पण त्या सिनेमाला मी आजवर मशीनवर बसून अर्धाच घेत आले होते.

मधे भुरभुर पाऊस आला तेव्हा त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेल्या प्रोजेक्टरवर ताडपत्री अशी बांधली, की मागून हवा खेळती राहिली. पडदा भिजला तरी चित्रात फरक पडला नाही.

तुमच्या गावात बोलवायचं असेल तर सिनेमाचं नाव बुकिंगच्या वेळीच सांगा आणि त्याला उजेड असताना जागा दाखवा. चौकातला दिवा कोण बंद करतो, त्याला आधीच गाठून ठेवा. लोक पडद्यापासून ६०-७० फुटांच्या आतच बसवा. बेसचा डबा आणूच नको म्हणून सांगा. लग्नसराईत तो मिळत नाही म्हणतात; गणपती-नवरात्रासाठी श्रावणातच बोलून ठेवावं लागतं.

आम्ही पुढच्या वर्षीसाठी १,००० रुपये विसार दिलाय. २० फुटी पडदा आणला तर ‘धडाकेबाज’, नाहीतर ‘थरथराट’, असं दिरांनी आणि डेअरीवाल्या मामांनी आपसात ठरवून टाकलंय. मोठ्या पडद्याचे दीड हजार जास्त पडतील म्हणाला. बचत गटाच्या बैठकीत मी ते मंजूर करून घेणार आहे.