शरणपूर रोडच्या काकांकडून पणजोबांचं बायबल दुरुस्त केलं – ५ पैकी ४

बाइंडिंगवाले नाशकात पैशाला पासरी आहेत, स्पायरल मारा, रेक्झिन चढवा, तासाभरात हातात. पण घरचं शे-सव्वाशे वर्षांचं बायबल असं कुणाच्याही हातात द्यायचं म्हणजे धाकधूकच. एका ठिकाणी विचारलं तर म्हणे कडा कापून सरळ करतो, पानांना लॅमिनेशन मारतो, एकदम नवं कोरं दिसेल! अहो पण कडा कापल्या की समासातल्या पणजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा पण गेल्या, आणि प्लास्टिक एकदा तापवून चिकटवलं की ते पान परत मोकळं होत नाही, तिथून सरळ उठलो.

मग आमच्या पाळकसाहेबांनी शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका काकांचा नंबर दिला. पाटी नाही, गुगलवर नाहीत, यायचंही नाहीये म्हणाले, म्हणून नाव टाकत नाही. शरणपूर म्हणजे १८५० च्या दशकात मिशनने वसवलेली वस्ती, तिथल्या जुन्या घरांमध्ये अशी पुस्तकं असणारच, तर चर्चमध्ये चौकशी केलीत की कुणीतरी सांगेल.

काकांचं काम बघण्यासारखं आहे खरं. वरच्या चामड्याला हात लावला की विटकरी पावडर लागायची, आम्ही इतकी वर्षं ती धूळ समजून फडक्याने पुसत होतो, ते म्हणाले हे चामडंच झडतंय, पुसू नका. पण खरी मजा मधल्या पानांवर, म्हणजे जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो तिथे कोरी पानं आहेत ना, त्यांच्यावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहिलीत. वरची नावं मोडी लिपीत, काजळीच्या शाईने, अजून काळीभोर. खालची नंतरची, निळ्या-काळ्या शाईची, ती तपकिरी पडलीत आणि दोन-तीन अक्षरांच्या जागी कागद अक्षरशः आरपार गेलाय. काकांनी भिंग हातात देऊन दाखवलं, त्या शाईत लोह आणि आम्ल असतं ते कागद खात बसतं. मी म्हटलं पान धुऊन पिवळेपणा काढता येईल का, तर साफ नाही म्हणाले, पाण्याने काजळीची शाई उतरू शकते आणि दुसरीतलं लोह आजूबाजूच्या चांगल्या कागदात पसरतं. त्या पानांना फक्त मागून पातळ जपानी कागद, तोही जवळजवळ कोरड्या खळीने. पुढून बघितलं तर कळत पण नाही.

खळ घरचीच, कुरडयांना काढतो तसा गव्हाचा चीक काढून शिजवलेली. बरेच बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, त्यातलं तांबं कागदाला पुढे ठिसूळ करतं, हे टाकत नाहीत. फेव्हिकॉल पण नाही, कारण उद्या कुणाला परत उघडायचं झालं तर खळ ओल्या बोळ्याने सुटते. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुन्याच भोकांतून दोऱ्याने शिवलेत. मुंबईच्या आत्याला कव्हरवर सोनेरी अक्षरं हवी होती, काकांनी ऐकूनही घेतलं नाही, बरंच झालं.

आता एक स्टार का कापला. कुणा नातेवाइकाने पूर्वी सेलोटेप लावला होता, तो निघाला पण तपकिरी पट्टे तसेच राहिलेत, अर्थात हे आधीच सांगितलं होतं त्यामुळे तक्रार नाही. तक्रार ही की फोन उचलत नाहीत, आधी सांगितला त्याहून बराच जास्त खर्च आला आणि का ते काम झाल्यावर कळलं. लेखी अंदाज मागून घ्या. कामाआधीचे फोटोही ते काढत नाहीत, आम्ही मोबाईलवर प्रत्येक पानाचे काढले होते म्हणून निभावलं. आणि बरोबर दिलेली पुठ्ठ्याची पेटी इतकी टाईट आहे की पुस्तक काढताना नवीनच पाठ ओढली जाते, ती परत करून घेतोय.

डांबराच्या गोळ्या घालू नका म्हणाले, पेटी भिंतीला न टेकवता कपाटात मधल्या फळीवर आडवी ठेवा, महिन्यातून एकदा उघडून बघा कसर लागली का. आणि द्यायचंच असेल तर उन्हाळ्यात द्या, जून ते सप्टेंबर ते जुनं पुस्तक हातात घेत नाहीत, खळ वाळत नाही आणि बुरशी धरते.