अवे सामना: क्लबची बस, रेल्वे की स्वतःची गाडी?

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये अवे सामन्याला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, येणाऱ्या पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला २०१६-१७ च्या हंगामापासून ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे लांबच्या सामन्याला खरा खर्च होतो तो प्रवासाचा. तो कशाने करायचा हे अंतराइतकंच किक-ऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) वेळेवर ठरतं.

आधी तिकीट हाती येऊ द्या. पाहुण्या क्लबला जास्तीत जास्त ३,००० जागा मिळतात, लहान मैदानांवर हजार-बाराशेच. मोठे क्लब या जागा चाहत्याने आधी किती अवे सामन्यांना हजेरी लावली त्यानुसार वाटतात. नवख्याने तिकिटाच्या भरवशावर भाडं भरून ठेवू नये.

रेल्वे आरामाची, पण तिच्यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्वस्त ॲडव्हान्स तिकिटं (ठरावीक गाडीचीच) साधारण १२ आठवडे आधी खुली होतात, तर टीव्हीसाठी सामन्यांची निवड बहुधा त्यानंतर होते. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ थेट प्रक्षेपणाला बंदी असते, म्हणून टीव्हीने उचललेला शनिवारी दुपारी तीनचा सामना हलतोच: शनिवारी साडेबारा किंवा साडेपाचला, रविवारी, नाहीतर सोमवारी रात्री आठला. ॲडव्हान्स तिकिटाचे पैसे सामना हलला म्हणून परत मिळत नाहीत. गाडी सुटण्याआधी तारीख बदलता येते, पण १० पौंडांपर्यंत शुल्क आणि वर भाड्यातला फरक भरावा लागतो. तेव्हा टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत थांबा. त्याआधी घ्यायचंच असेल तर महाग का होईना, पण ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालणारं) घ्या. १६-२५ रेलकार्ड (तरुणांचं सवलत कार्ड) असेल तर भाडं एक तृतीयांशाने उतरतं. परतीची गाडी निवडताना सामना किक-ऑफनंतर दोन तासांनी संपतो असं धरा आणि स्टेशनपर्यंतचा गर्दीचा वेळ वेगळा मोजा. आठचा सामना दहाच्या सुमारास संपतो. तोवर लांब पल्ल्याची शेवटची गाडी बहुतेक ठिकाणी गेलेली असते, म्हणजे हॉटेलचा खर्च आला. रविवारी रुळांच्या कामामुळे मधेच बसमध्ये बसवतात, तेही आधी तपासावं.

क्लबची बस इथेच जिंकते. सामना हलला की बसची वेळही हलते, ती मैदानाजवळ सोडते आणि सामना संपेपर्यंत थांबते. तोटेही आहेत. साडेचार तास चालवल्यावर चालकाला कायद्याने ४५ मिनिटं विश्रांती घ्यावी लागते, त्यामुळे लांबचा प्रवास नकाशावर दिसतो त्याहून बराच लांबतो. सामन्यांच्या वेळच्या दारूबद्दलच्या १९८५ च्या कायद्यामुळे अशा बसमध्ये दारू बाळगताही येत नाही. तरी सोमवारच्या रात्रीच्या सामन्याला आमचं मत निःसंशय बसच्या बाजूने.

स्वतःची गाडी तिघं-चौघं असतील तरच परवडते. न्यूकॅसल ते बोर्नमथ जाऊन-येऊन सुमारे ७०० मैल. गॅलनला ४० मैल देणाऱ्या गाडीला त्यासाठी ८० लिटर पेट्रोल लागतं: चौघांत माणशी २० लिटर, एकट्याला सगळं. मात्र शनिवारी साडेबाराच्या लांबच्या सामन्याला सकाळची पहिली रेल्वे वेळेत पोहोचत नसेल, तर पहाटे निघायला गाडीच बरी. मैदानालगतच्या गल्ल्यांत सामन्याच्या दिवशी बहुधा फक्त रहिवाशांच्या परवान्यावर पार्किंग असतं. दीडेक मैल अलीकडे, परतीच्या रस्त्याच्या बाजूला गाडी लावून चालत जा. लंडनमध्ये जुनी गाडी नेणार असाल तर तिचा नंबर युलेझच्या (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणाऱ्या क्षेत्राच्या) यादीत आधी तपासा. निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात, आणि मध्यरात्र ओलांडली की दुसऱ्या दिवसाचे वेगळे.