ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीची 'योद्धा संत' वॉकिंग टूर: गाईड तीन तास, मोझॅकला वीस मिनिटं

पाचपैकी तीन स्टार, तेही गाईडला नाहीत, बघायला मिळालं त्याला. कंपनीचं नाव घेत नाही.

टूरचं नावच योद्धा संत, म्हणजे सैनिक असलेले ख्रिस्ती संत, त्यामुळे आम्ही आपले ढाल, भाला, चिलखत बघायच्या तयारीने गेलो आणि पहिल्याच स्टॉपला, आयोस (म्हणजे संत) दिमित्रिओसच्या चर्चमध्ये, खांबावर दिमित्रिओस उभा आणि हातात साधा सुरा पण नाही! शहरातल्या 1917 च्या आगीतून वाचलेलं 7व्या शतकातलं मोझॅक (रंगीत तुकड्यांचं भित्तिचित्र) आहे ते, अंगावर दरबारी लांब शाल, एका बाजूला बिशप, एका बाजूला शहराचा अधिकारी, आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून हा असा उभा की जुने मित्रच. मी विचारलं, सैनिक ना हा, मग चिलखत कुठंय? गाईड म्हणाला येस येस सोल्जर, आणि निघाला पुढे.

उत्तर रोटोंडात मिळालं, तेही त्याच्याकडून नाही. जाड भिंतींची ही गोल इमारत रोमन बादशहा गॅलेरियसने इ.स. 300 च्या आसपास बांधली, आणि दिमित्रिओसचा जीव गेला तो याच बादशहाच्या काळात असं मानतात. घुमटात हुतात्मे ओळीने उभे, बहुतेकांशेजारी नाव, काम आणि महिना, अगदी ऑफिसच्या पाटीसारखं. बॅसिलिस्कॉस, सैनिक, एप्रिल. प्रिस्कॉस, सैनिक, ऑक्टोबर. मध्येच बासरीवाला फिलेमॉन, मार्च. सगळ्यांचे हात प्रार्थनेला वर, अंगावर लांब झगे, चिलखत कुणालाच नाही, आपल्याला पाटी वाचल्याशिवाय सैनिक कोण आणि बासरीवाला कोण कळतच नाही. म्हणजे सुरुवातीला यांना लढवय्ये म्हणून काढतच नव्हते, देवाच्या दरबारात पोचलेली माणसं म्हणून काढायचे, चिलखत सर्रास दिसायला लागतं ते 10व्या-11व्या शतकाच्या सुमारास. हे टूरमध्ये सांगायला नको?? इथे दिली वीस मिनिटं.

आणि आयकॉनच्या (संतांच्या पूजेच्या चित्रांच्या) दुकानात पाऊण तास, अर्थात. पण खरं सांगू, कामाची माहिती तिथल्या काउंटरवरच्या बाईंनीच दिली. बिनदाढीचा, कुरळ्या केसांचा तो जॉर्ज, बिनदाढीचाच पण सरळ केसांचा तो दिमित्रिओस. थिओडोर दोन आहेत, दाढी खाली एका टोकाला निमुळती होत असेल तर टिरॉन, दोन टोकांत फुटली असेल तर स्ट्राटिलाटिस. लालसर घोड्यावरचा दिमित्रिओस ज्याला भाला मारतोय तो ग्लॅडिएटर लिआइओस, आणि गंमत म्हणजे कथेत त्याला मारतो नेस्टॉर, दिमित्रिओस तेव्हा कैदेत असतो, फक्त आशीर्वाद देतो. चित्रात क्रेडिट मात्र साहेबांना.

तर टूरचे पैसे वाचवा, दोन्ही ठिकाणं चालत होण्यासारखी आहेत, स्वतःच जा. फक्त दुर्बीण न्या, घुमट खूप उंच आहे, माझ्या मोबाईलच्या झूममध्ये बॅसिलिस्कॉस म्हणजे नुसता सोनेरी डाग आलाय.