हाँगकाँग विमानतळाचा स्काय ब्रिज: उत्तम पूल, पण प्रवाशाला तिथवर आणायचे कसे?

हाँगकाँग विमानतळावरील स्काय ब्रिज नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. पहिले टर्मिनल आणि त्याची सॅटेलाइट इमारत (मुख्य इमारतीपासून वेगळी उभी असलेली, विमानांच्या गेटची इमारत) यांना जोडणारा हा पादचारी पूल सुमारे २०० मीटर लांब असून जमिनीपासून २८ मीटर उंचावर आहे. ए-३८० या महाकाय प्रवासी विमानाचे शेपूट २४ मीटरपर्यंत पोहोचते आणि तेही या पुलाखालून जायला हवे, म्हणून एवढी उंची ठेवावी लागली. पूर्वी हेच अंतर बसने कापावे लागत असे. त्या तुलनेत आपल्या वेळेनुसार निघून चालत पलीकडे जाता येणे ही फार मोठी सोय आहे.

पुलावरून दिसणारे दृश्य अप्रतिमच आहे. तळात काच बसवलेल्या भागापाशी मुले गुडघ्यांवर बसून खालून सरकणारे विमान पाहत राहतात, तर वयस्कर मंडळी काच टाळून कडेच्या पक्क्या फरशीवरून जातात. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा मला महत्त्वाच्या वाटतात, कारण पुलाची जाहिरात नेहमी पहिल्या तऱ्हेच्या प्रवाशाला समोर ठेवून केली जाते.

ज्यांचे गेट पलीकडे आहे ते पूल ओलांडणारच. प्रश्न आहे तो गेट अलीकडेच असलेल्या, मुंबईहून निघून पुढच्या विमानासाठी तीन-चार तास थांबलेल्या, हाताशी आई-वडील आणि सामान असलेल्या प्रवाशाचा. त्याला पूल आवडेल का, हे प्रश्नावलीतून विचारून फारसे हाती लागणार नाही. तो कुठे थबकतो, कोणती पाटी दोनदा वाचतो आणि कुठून मागे फिरतो, हे संशोधकाने त्याच्या मागे चालून पाहिले पाहिजे. माझ्या मते त्याच्या शंका अगदी साध्या असतात: चालायला किती मिनिटे लागतील, वर जायला लिफ्ट आहे का, सरकता पट्टा कुठपर्यंत आहे आणि आपल्या गेटकडे वेळेत परतता येईल का. विमानांचे सुंदर छायाचित्र यांपैकी एकाही शंकेचे उत्तर देत नाही. ही उत्तरे पुलाच्या तोंडाशी लावूनही उपयोग नाही. सुरक्षा तपासणी संपते तिथेच ती दिसली पाहिजेत, कारण एकदा दुकानांजवळ बसायला जागा मिळाली की सामान घेऊन पुन्हा उठायला कोणीही सहसा तयार होत नाही.