वीस बाटची टुकटुक आणि अठरा हजारांचा नीलम

सिंगापूर खिशाला झेपेना, हाँगकाँगचं हॉटेलभाडं बघूनच घाम फुटला, म्हणून मी आणि धाकटी बहीण बँकॉकला गेलो. निवड चुकली असं आजही म्हणणार नाही. प्रतुनामच्या कपडेबाजारात एकाऐवजी तीन टॉप घेतले की भाव उतरतो. शनिवार-रविवारच्या चतुचक बाजारात पाय दुखतात, पाकीट फारसं दुखत नाही. दोन दिवस आम्ही दहा-दहा बाटसाठी (बाट हे तिथलं चलन) घासाघीस करत होतो. तिसऱ्या दिवशी मी एका दुकानात अर्ध्या तासात अठरा हजार बाट मोजून आले.

ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने दार शोधत चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, असा एक गृहस्थ थांबला. म्हणाला, आज बौद्ध सण आहे, दुपारी एकपर्यंत फक्त प्रार्थना, पर्यटकांना नंतर सोडतात. बहिणीच्या गुडघ्यावर चढलेल्या पँटकडे बघून वर म्हणाला, हे कपडे आत चालणारही नाहीत. कपड्यांचं खरं होतं. त्यामुळे सणाचंही खरं वाटलं.

मग त्यानेच आमच्या नकाशावर तीन ठिकाणांना गोल केले आणि टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवली. तिन्ही मिळून वीस बाट! एरवी जवळच्या फेरीलाही शंभराच्या खाली कुणी बोलत नव्हतं. तिथेच शंका यायला हवी होती, पण आम्ही एकमेकींकडे बघून खूश झालो.

पहिलं देऊळ लहान आणि जवळजवळ रिकामं. पायरीवर एकच माणूस बसला होता. गप्पा निघाल्या, तर म्हणे सरकारी सवलतीत नीलम घ्यायचा आज शेवटचा दिवस, निर्यातशुल्क माफ, तो स्वतः नुकताच घेऊन आला होता. टुकटुकवाल्याचा पुढचा थांबा नेमका तेच दुकान. दोन अनोळखी माणसांचं बोलणं असं जुळतं तेव्हा ती एकमेकांना अनोळखी नसतात, हे मला सुचलंच नाही.

दुकानात थंडगार हवा, सरबत, काळ्या मखमलीवर निळे खडे. थायलंड नीलमांसाठी प्रसिद्ध आहे, चांताबुरी तर त्याचं जुनं व्यापारकेंद्र, ही माहिती मला आधीपासून होती. अर्धवट माहितीने घात केला. विक्रेता म्हणाला, परत जाऊन विकलात तर दुप्पट मिळतील.

"ताई, आपण खडे घ्यायला आलोय का?" बहिणीने हळूच विचारलं. मी तिला गप्प केलं. खड्याचा मोह मला कधीच नव्हता, दामदुपटीचा झाला.

कार्ड फिरलं, प्रमाणपत्र मिळालं. बाहेर आलो तर टुकटुक गायब, वीस बाटही न घेता. आम्हाला हसू आलं, फेरी फुकटच पडली की! दुकानं या चालकांना गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेट्रोलची कुपनं देतात, हे संध्याकाळी हॉटेलवाल्याने सांगितलं.

महालापाशी पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. माणसांचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडत होते. फाटकावर वेळ लिहिलेली: सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन. पहारेकऱ्याला सणाचं विचारलं तर तो नुसता हसला. आतली प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती राहिलीच. खरं तर ती पाचूची नाही, जेड या हिरव्या दगडाची मानली जाते, पण ते कुणी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाने पावतीवरची बारीक ओळ दाखवली: माल परत घेतला जाणार नाही. पर्यटक पोलिसांच्या 1155 या क्रमांकावर फोन केला, माणूस नीट बोलला, येऊन तक्रार नोंदवा म्हणाला. पण तासाभरात विमानतळावर निघायचं होतं. आदल्या संध्याकाळीच करायला हवा होता तो फोन.

सरकारी सवलतीचं म्हणाल, तर पर्यटकाला खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो. पण तो योजनेतल्या दुकानाने भरून दिलेल्या फॉर्मवर, परतताना विमानतळावर. त्याला आजचा शेवटचा दिवस नसतो. आणि महाल बंद आहे म्हणून कुणी सांगितलं तर फाटकापर्यंत चालत जाऊन बघा. आमच्यापासून ते पाच मिनिटांवर होतं.

घरी सराफाने खडा भिंगाखाली धरला. नैसर्गिक आहे, म्हणाला, तापवून रंग सुधारलेला, तरी काळपट, दिलेल्या पैशांच्या चौथाईचाही नाही. प्रमाणपत्र काढून वाचलं. नैसर्गिक नीलम, उष्णताप्रक्रिया केलेला, असंच त्यात लिहिलं होतं. किमतीबद्दल एक अक्षर नव्हतं.